घोडा, रणगाडा आणि खाकी रंग

इतिहासाचें पुस्तक लिहिणारास एक सवलत असते. ‘घोडदळानें हल्ला केला’ एवढें वाक्य त्यानें लिहिलें कीं त्याचें काम भागतें. स्वाराच्या डोक्यावर काय होतें, अंगरख्याचा रंग कोणता होता, हें वाचकहि विचारीत नाहीं. परंतु त्याच स्वाराची बोटाएवढी प्रतिकृति करूं पाहणारास ही सवलत नाहीं. प्रत्येक गुंडी त्याला कोठें तरी बसवावी लागते आणि प्रत्येक कापडाला कोणता तरी रंग द्यावाच लागतो. म्हणून हा छंद वरवर पोरखेळ वाटला, तरी इतिहासाच्या अभ्यासाची तो मोठी कसून परीक्षा घेतो.

जालना जिल्ह्यांतील घनसावंगीसारख्या गांवीं बसून कोणी पहिल्या रणगाड्यांचा आणि त्या वेळच्या शिपायांच्या पोशाखांचा शोध घेऊं लागला, तर शेजारी हंसतील. फ्रान्सचा चिखल कोणीकडे आणि गोदाकांठची काळी माती कोणीकडे! पण नकाशा उघडून पाहावा. औरंगाबाद म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई, आणि हिंगोली, ह्या तिन्ही ठिकाणीं निजामाच्या राज्यांतील हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या छावण्या होत्या. ह्या तीन छावण्यांच्या त्रिकोणांतच घनसावंगी येतें. १९०३ सालीं ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत मिळविण्यांत आली, आणि तिच्यांतील एका रिसाल्याचें नांव ‘विसावा डेक्कन हॉर्स’ असें झालें. तोच रिसाला पहिल्या महायुद्धांत फ्रान्सला गेला.

तारीख १४ जुलै १९१६. सोमची लढाई चालू होती. सायंकाळच्या सुमारास सातव्या ड्रॅगून गार्ड्सबरोबर डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून, उभ्या पिकांतून, हाय वुड नांवाच्या रानाकडे धांवले. शत्रूचे कांहीं शिपाई त्यांनीं गांठले, परंतु रान हातीं लागलें नाहीं. दोन्ही रिसाल्यांचे मिळून सुमारें शंभर लोक मेले वा जखमी झाले. त्यानंतर बरोबर नऊ आठवड्यांनीं, १५ सप्टेंबर रोजीं, त्याच रानावर रणगाडे चालून गेले. जगाच्या इतिहासांत रणगाडा प्रथम लढाईंत उतरला तो हाच दिवस. नेमलेल्या ४९ रणगाड्यांपैकीं सुमारें ३२ च आरंभस्थानापर्यंत पोंचले. हाय वुडमध्यें पाठविलेल्या चार रणगाड्यांचा तुटक्या बुंध्यांच्या गर्दींत फारसा उपयोग झाला नाहीं. तरी पायदळानें तें रान त्या दिवशीं जिंकलें. घोड्याचें युग आणि यंत्राचें युग ह्यांच्यामधील सीमा एका लहानशा रानांतून गेली.

गुप्तता राखण्यासाठीं ह्या यंत्राला पाण्याच्या टांकीचें, म्हणजे ‘टँक’ हें नांव देण्यांत आलें होतें. त्या इंग्रजी शब्दाचा संबंध कोशकार आपल्या मराठी ‘टांकें’ ह्या शब्दाशीं व त्याच्या गुजराती भावंडाशीं जोडतात, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

आतां प्रतिकृति करणाराची अडचण पाहावी. पहिला रणगाडा ‘मार्क-१’ सुमारें २८ टन वजनाचा होता. त्यांत आठ माणसें बसत, आणि त्याचा वेग तासाला जेमतेम ६ किलोमीटर होता. वळण्यास मदत व्हावी म्हणून मागें दोन चाकांचें एक शेपूट जोडलेलें असे. सॉलोमन जे. सॉलोमन ह्या चित्रकाराच्या योजनेप्रमाणें त्याच्यावर अनेक रंगांचे पट्टे चढविले होते. पुढें तें शेपूट निरुपयोगी ठरून काढून टाकण्यांत आलें, आणि पट्टे जाऊन साधा तपकिरी रंग आला. तेव्हां बिनशेपटीचा तपकिरी रणगाडा करून त्याच्याखालीं ‘१५ सप्टेंबर १९१६’ असें लिहिणें म्हणजे तारीख खोटी सांगणें होय. मूळ मार्क-१ जगांत एकच उरला आहे. तो इंग्लंडांत बोव्हिंग्टन येथें आहे. महाराष्ट्रांतील अभ्यासकाला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, जवळचें. तेथील १९९४ सालीं स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयांत रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. तिच्यापाशीं उभें राहिलें कीं पत्रे कसे जोडीत, रिव्हेट कोठें मारीत आणि माणसाचा खांदा कोठपर्यंत येतो, हें कळतें. रंगावर मात्र विसंबूं नये. संग्रहालयांतील वस्तु पुनःपुन्हा रंगविल्या जातात.

पोशाखाची परीक्षा याहून अवघड. डेक्कन हॉर्सचा समारंभी अंगरखा गडद हिरवा, त्याला पांढरी पट्टी. १९११ सालच्या एका प्रसिद्ध ग्रंथांत लव्हेट ह्या लष्करी चित्रकारानें हिंदी फौजांचे असे पोशाख फार सुंदर रंगविले आहेत. नवशिक्याला मोह होतो, आणि तो हिरवे स्वार हाय वुडकडे दौडवितो. पण हिरवा अंगरखा संचलनासाठीं होता; रणांगणावर खाकी. छायाचित्रें पाहावींत, तर त्या काळच्या कांचांवर तांबडा रंग काळपट उमटे आणि निळा पांढरट. शिवाय रिसाल्यांत शीख होते, जाट होते, दख्खनी मुसलमान होते. प्रत्येकाची फेटा बांधण्याची रीत निराळी. एकच फेटा सर्वांच्या डोक्यावर चढविला, तर तीं माणसें नाहींशीं होऊन नुसतीं बाहुलीं उरतात.

डेक्कन हॉर्सनें पुढें घोडे सोडले. १९६५ च्या सप्टेंबरांत असल उत्तरच्या लढाईंत हाच रिसाला शर्मन रणगाडे घेऊन पॅटन रणगाड्यांशीं लढला. फ्रान्समध्यें नव्ह शापेल येथें १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकावर, ज्यांची समाधि कोठें आहे हें ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांचीं व अनुचरांचीं नांवें कोरलीं आहेत. नांव आहे, पण चेहरा नाहीं. पस्तिसाव्या हिश्शाच्या प्रमाणांत माणूस जेमतेम पांच सेंटिमीटर भरतो. तेवढ्या उंचींत खरा फेटा आणि खरी खाकी दाखविणें हें त्या माणसांचें थोडेंसें ऋण फेडणेंच आहे. चुकीचा हिरवा रंग मात्र त्यांच्या मरणाचें संचलन करून टाकतो.