मुळशीची वीज आणि जुन्या घरांतील तारा

पुण्याहून पौडमार्गें ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या प्रवाशास वाटेंत मुळशीचा जलाशय लागतो. बहुतेक मंडळी तेथें घटकाभर थांबतात, भाजलेलें कणीस खातात आणि पुढें निघून जातात. या जलाशयाचा इतिहास आमच्या वाचकांस मुख्यतः सत्याग्रहामुळें ठाऊक आहे. परंतु ज्या विजेसाठीं तो सारा प्रपंच घडला, ती वीज पुढें सामान्य माणसाच्या घरांत शिरल्यावर तिचें व त्या घराचें कसें काय जमलें, याकडे इतिहास लिहिणारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. भिंतीवरील लांकडी पट्टी आणि तिच्यावरील दोन तारा हा विषय त्यांस क्षुद्र वाटत असावा. आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

प्रथम मूळ हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांस कोळशाऐवजीं सह्याद्रीच्या पाण्याचें बळ द्यावें, या कल्पनेनें १९१० सालीं टाटांची पहिली जलविद्युत् कंपनी निघाली, आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. त्यामागून १९२२ त भिवपुरी आणि १९२७ त भिरा. या तिसऱ्या वीजघरासाठीं निळा व मुळा यांच्या संगमाजवळ मुळशीस धरण बांधण्यांत आलें, आणि जें पाणी निसर्गतः पूर्वेकडे भीमेस मिळावयाचें तें अडवून पश्चिमेस कोंकणांत उतरविण्यांत आलें. आंबेमोहोर भाताच्या खाचरांसाठीं प्रसिद्ध असलेल्या त्या खोऱ्यांतील सुमारें पन्नास गांवें पाण्याखालीं जाणार, हें कळतांच मावळे उठले. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, धरणाच्या जागेवर सत्याग्रहास प्रारंभ झाला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांचीं नांवें त्या लढ्याशीं कायमचीं जोडलीं गेलीं. १९२४ अखेर लढा मोडला. बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली.

लढा मोडण्याचें एक कारण आम्हां पुणेकरांस फारसें आठवावेंसें वाटत नाहीं. त्या खोऱ्यांतील बऱ्याच जमिनींवर पुण्यांतील सावकारांचा हक्क होता, आणि कसणारा कुळवाडी बांधावर आडवा पडलेला असतांना सावकारास रोख मोबदला अधिक सोयीचा वाटला. मालकी एकाची, लाभ दुसऱ्याचा आणि भोगणारा तिसराच, अशी ही वांटणी होती. ती येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों, कारण जुन्या घरांतील तारांचा विचार करतांना तीच वांटणी पुन्हा पुढें येणार आहे.

विजेचा दिवा आमच्याकडे तत्पूर्वींच आला होता. १८८२ सालीं मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत तो लागला, पण ती कंपनी लौकरच बुडाली आणि मंडईंत पुनः गॅसचे दिवे आले. १९०५ नंतर मुंबईंत वीज स्थिरावली, आणि मग हळूहळू ती आमच्या वाड्यांत व चाळींत आली. ज्या घरांत ती आली तीं घरें तिच्यासाठीं बांधलेलीं नव्हतीं. सागाचे खांब, तुळया, कडीपाट, माजघरांतील लांकडी फडताळें, आणि वर माळ्यावर तीन पिढ्यांचें सरपण व जुन्या वह्या, असा पुणेरी वाडा म्हणजे सुकलेल्या लांकडाचें कोठारच. अग्नीपुढें अशा इमारतींचें काय होतें हें पुण्यानें वीज येण्याआधींच पाहिलें होतें. १८२८ सालीं शनिवारवाडा जळाला, १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाडा जळाला व विश्रामबागवाड्यासही आग लागली. समई आणि पलित्यास मात्र डोळ्यांसमोर ठेवतां येई. नव्या पाहुण्याचा विस्तव भिंतीवरून, पट्टीच्या पोटांतून, कोणास न दिसतां फिरूं लागला.

त्या काळच्या कारागिरांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांचें काम पाहिलें म्हणजे आजही कौतुक वाटतें. सागाच्या पट्टीस दोन खांचा पाडावयाच्या, एका खांचेंत एक तार व दुसरींत दुसरी, आणि वरून झांकणपट्टी स्क्रूनें आवळावयाची. तार तांब्याची, तिजवर कथलाचा मुलामा, कारण रबर पक्कें करण्यासाठीं वापरलेला गंधक उघड्या तांब्यास खातो. त्यावर रबर, आणि रबरावर डांबरी सुताची वीण. पुढें रबरी आवरणाच्या तारा लांकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनीं उघड्याच बसवूं लागले. हें सारें चार-सहा दिवे आणि फार तर एक पंखा एवढ्याच भारासाठीं होतें. तेवढ्या भारास तें पुरेसें होतें, आणि कित्येक ठिकाणीं चाळीस-पन्नास वर्षें पुरलेंही.

परंतु रबर हा आमच्या हवेंत टिकणारा पदार्थ नव्हे. उष्णतेनें तें प्रथम चिकट होतें, मग ताठ होतें, आणि शेवटीं बोट लावतांच त्याचा भुगा पडतो. विजेच्या रोहित्रांतील वेष्टनाविषयीं माँटसिंगर नांवाच्या अभियंत्यानें १९३० च्या सुमारास एक ठोकताळा मांडला होता: तापमान आठ-दहा अंशांनीं वाढलें कीं वेष्टनाचें आयुष्य निम्म्यावर येतें. हा हिशेब तारांच्या वेष्टनांसही स्थूलमानानें लागू पडतो. आतां आमच्याकडील उष्मा पाहावा. मुळशीचें पाणी ज्या भिऱ्यास उतरून वीज होतें, त्याच भिऱ्याचें तापमान मार्च २०१७ त ४६.५ अंशांवर गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत झळकली होती. एवढें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. वैशाखांत दुपारीं कौलांखालच्या माळ्यावर चढून पाहावें, दोन मिनिटांत माणूस घामाघूम होऊन खालीं येतो. तार तेथेंच बारमास पडलेली असते.

आजच्या प्लास्टिक वेष्टनाच्या तारासही या उष्म्याची सूट नाहीं. अशा तारेचें वेष्टन ७० अंशांपर्यंत सुरक्षित धरतात. भोंवतालची हवा ३० अंश असतां जी तार २० अँपिअर वाहून नेते, तीच हवा ५० अंश झाली असतां सुमारें १४ अँपिअरच वाहूं शकते. आणि गंमत अशी कीं, ज्या दुपारीं तारेची शक्ति सर्वांत कमी, त्याच दुपारीं घरोघर थंड हवेचीं यंत्रें सुरू होतात. तारेंतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला तर तिच्यांत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. त्यांत १९६० नंतर तांब्याच्या टंचाईमुळें घरोघर ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. ही धातु स्क्रूखालीं हळूहळू दबते, तिच्यावर न वाहणारी पुटी चढते, सांधा सैल होतो आणि तेथेंच ठिणगी पडूं लागते. मग कधीं फ्यूज उडाला तर घरांतील कर्ता पुरुष त्याजागीं जाड तार घालून मोकळा होतो. चोर येतो म्हणून कुत्रें भुंकूं लागल्यास कुत्र्याचेंच तोंड बांधावें, तशांतला हा प्रकार.

गेल्या वैशाखांत मुळशी तालुक्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही कांहीं दिवस राहिलों. त्यांचे आजे बुडालेल्या एका गांवांतून वर आलेले. धरणाची वीज १९२७ पासून मुंबईस जाऊं लागली. या घरांत दिवा लागला तो १९७० नंतर. त्या वेळचीच लांकडी पट्टी अजून होती. तीवर पुढें दूरचित्रवाणी, शीतकपाट, पाण्याचा पंप आणि नातवाचें थंड हवेचें यंत्र असा एकेक भार चढत गेला. एके रात्रीं माजघरांत जळक्या रबराची घाण सुटली म्हणून पौडाहून वायरमन बोलाविला. त्यानें झांकणपट्टी उचकटली, तार चिमटींत धरून वाकविली आणि म्हणाला, "आजोबा, हिच्यावर रबर कुठाय? भुकटी राहिलीय नुसती." आजोबा म्हणाले, "अरे, पन्नास वर्षं चालली की." "चालली खरी," तो म्हणाला, "पण आजवर हिला कुणी हलवली नाही म्हणून."

मग आठ दिवस काम चाललें, तें आम्ही जवळ बसून पाहिलें. जुन्या तारांस कोठेंही नवा जोड दिला नाहीं. त्या समूळ काढल्या. मातीच्या भिंती छिन्नीनें फोडल्या तर ढासळतील, आणि तुळईस खांच घेतली तर ती अशक्त होईल, म्हणून नवी नळी भिंतीवरूनच बाहेरून नेली. माळ्याची वाट शक्य तेथें टाळली, कारण तेथें ऊन्ह आणि उंदीर हे दोघेही तारेचे वैरी. दिव्यांची फेरी निराळी, पंपाची निराळी, थंड हवेच्या यंत्रास चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार. जुन्या पद्धतींत दोन्ही तारांवर चिनीमातीचे फ्यूज होते. त्यांपैकीं न्यूट्रलवरचा उडाला तर दिवा विझे, पण होल्डरांत वीज तशीच राही. तो प्रकार बंद झाला. शेवटीं मुख्य स्विचाजवळ तीस मिलीअँपिअर गळतीस तुटणारें उपकरण बसविलें, आणि मेगर यंत्रानें ५०० व्होल्टांचा दाब देऊन प्रत्येक फेरीचें वेष्टन तपासलें. घामानें ओलें अंग विजेस सहज वाट देतें. हें तुटणारें उपकरण थंड देशांपेक्षां आमच्याकडे अधिक अगत्याचें आहे.

स्नेह्यांचें घर स्वतःचें होतें, म्हणून हें झालें. पुण्यामुंबईच्या जुन्या वाड्यांत व चाळींत गोष्ट अडते ती येथेंच. कायद्यांची वाण नाहीं. १९१० चा विद्युत् कायदा होता, १९३७ व १९५६ चे नियम होते, आज २००३ चा कायदा व त्याखालील २०२३ चे सुरक्षा-विनियम आहेत. पण वीज देणाऱ्याची जबाबदारी मीटरापाशीं संपते. त्यापुढील तार घरमालकाची, आणि तिच्याखालीं निजतो भाडेकरू. १९४७ च्या भाडेकायद्यानें भाडीं गोठविलीं. त्या वेळीं तें योग्यच होतें, नाहीं तर हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. परंतु महिना पंचवीस-पन्नास रुपये भाड्यांत मालक तारा बदलीत नाहीं, आणि उद्यां वाडा पाडून इमारत होणार म्हणून भाडेकरूही खर्च करीत नाहीं. १९९९ च्या कायद्यानें दुरुस्ती मालकाकडे सोंपविली आहे. त्यानें न केल्यास नोटीस देऊन भाडेकरूनें ती करावी व ठराविक मर्यादेंत भाड्यांतून वळती करून घ्यावी, अशी सोय आहे. मात्र असल्या भाड्यांतून वळती करून एक चांगला स्विचसुद्धां येत नाहीं. मालकास वाडा पडण्याची वाट पाहाणें परवडतें. भाडेकरूस तितकें परवडत नाहीं, हें उघड आहे. नगरपालिकांनीं निदान सामाईक जिने व मीटरांच्या जागा स्वतः होऊन तपासाव्या आणि खर्च दोघांवर वांटावा, असें आमचें मत आहे. वाडा पडेल तेव्हां पडेल. तोंवर त्यांत माणसें राहत आहेत.

मुळशीच्या त्या घराचें एक काम राहिलें होतें, तें निघण्याच्या दिवशीं पुरें झालें. परसांत खोल खड्डा खणून त्यांत लोखंडी नळी उभी केली, भोंवतीं कोळसा व मीठ भरलें, आणि घराची अर्थिंगची तार तिला जोडली. वायरमननें सुनेस बजावलें कीं, उन्हाळ्यांत जमीन सुकली म्हणजे ही अर्थिंग काम देत नाहीं, म्हणून होळीपासून पाऊस पडेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनीं यांत पाणी घालावें. विहीर आटलेली होती. सून जलाशयावरून कळशी भरून आली आणि ती त्या नळींत ओतून परत पाण्यास गेली.