पार्किंगमधला इफ्तार : शेजाराची पंचवीस वर्षं

1915 हे साल आपल्याला दोन कारणांनी जवळचं आहे. त्या वर्षी खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली उतरलं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. त्याच वर्षी मुंबईत गावदेवीला रावबहादूर तळमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. आपल्याकडच्या सहकारी घरांची ती सुरुवात. मात्र ती संस्था एका ज्ञातीची होती. खोपोलीचं तसं नव्हतं. 1856 साली रेल्वे इथवर आली, पुढे वीजकेंद्र, मग कारखाने, आणि जुना मुंबई-पुणे रस्ता तर होताच. घाटावरचे, कोकणातले, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे असे सगळेच इथे पोटापाण्याला आले. शिळफाट्यावरची आपली सोसायटी झाली ती याच माणसांची. नेमप्लेट वाचत जिना चढलं तरी हे कळतं.

कोकणी मुसलमान तर या मुलखात पूर्वापार आहेत. त्यांची घरची बोली मराठीच, आडनावं पुष्कळदा गावावरून पडलेली, शेवटी 'कर'. त्यामुळे आपल्याकडे इफ्तार कुणी बाहेरून आणला नाही. तो आधी घराघरांत होता, नंतर जिन्यात आला आणि मग पार्किंगमध्ये.

इफ्तार म्हणजे दिवसभराचा रोजा सोडणं. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, की खजूर आणि पाण्याचा घोट. बाकीचं सगळं त्यानंतर. दुसऱ्याचा रोजा सोडवणं पुण्याचं मानतात, म्हणून ताट एकट्याचं राहत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आपल्याकडे झाकलेली ताटं शेजारी जायची : फळं, भजी, समोसे. रिकामं ताट परत द्यायचं नाही ही रीत दोन्हीकडची, त्यामुळे दिवाळीत त्याच ताटांतून चकल्या-करंज्या परत जात. चार घरांनी मिळून पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या त्या पुढे, कारण एवढी ताटं घेऊन मजले चढायचे कुणी? लिफ्ट तेव्हाही अधूनमधून बंदच असायची!

मुसलमानी महिने चंद्रावर चालतात, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पंचवीस वर्षांत त्यानं आपल्याला जवळपास सगळे ऋतू दाखवले. 2000 साली तो नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. संध्याकाळी सहाच्या सुमारास रोजा सुटायचा. 2015 साली तो जूनमध्ये आला. सूर्यास्त सव्वासातच्या पुढे, आणि खोपोलीचा पाऊस काय असतो हे सांगायला नको. 2010 साली तर 11 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि ईद एकाच दिवशी आली. मोदक आणि शीरखुर्मा एकाच दुपारी खाल्लेली आपली मुलं आता नोकऱ्यांना लागली आहेत.

सगळं गोडीगुलाबीनंच झालं असं मात्र नाही. कॉमन जागा एका धर्माच्या कार्यक्रमाला का द्यायची, असा प्रश्न जनरल बॉडीत आला. प्रश्न वाजवी होता. मग नियम ठरला तोही वाजवी : गणपती, नवरात्र, इफ्तार, नाताळ, सगळ्यांना जागा एकाच अटीवर. मेंटेनन्समधला पैसा धार्मिक कार्यक्रमाला नाही, ज्याची इच्छा त्याची वर्गणी, रात्री दहाला आवाज बंद, दुसऱ्या दिवशी जागा स्वच्छ. जेवण शाकाहारी ठेवायचं हे यजमान घरांनी आपणहून ठरवलं, म्हणजे कुणी कोरडं राहू नये.

इफ्तारच्या मेजवान्या पुढाऱ्यांनीही पुष्कळ दिल्या. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी राष्ट्रपती भवनातली मेजवानी न देता तो पैसा अनाथालयांना दिला. इफ्तारचा मूळ अर्थ त्यात जास्त होता. 2020 च्या रमजानात लॉकडाऊन होता, सतरंज्या गुंडाळलेल्याच राहिल्या. त्या वर्षी इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं जकातीचे 36 लाख रुपये जमवून तिथल्या सरकारी रुग्णालयाला अतिदक्षता विभाग उभा करून दिला. 2023 साली युनेस्कोनं इफ्तारच्या परंपरेची मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

एकत्र बसण्यानं काय होतं, याचा दाखला आपल्याला भिवंडीत मिळतो. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी ते गाव होरपळलं होतं. 1988 नंतर पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळख आधीची असावी लागते. आग लागल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

आपल्यापुढचा खरा प्रश्न आता फ्लॅट विक्रीचा आहे. जुने सभासद घरं विकताहेत आणि 'बघून द्या हं' असं हळू आवाजात बोललं जातं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 23 सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा फक्त पारशांसाठी असलेला उपविधी वैध धरला, हेही खरं. पण आपल्या उपविधीत तशी अट नाही. पहिल्या सभासदांनी ती घातली नाही. कायद्यानं दार उघडं राहील, घरात बोलावण्याचं काम मात्र माणसांनाच करावं लागतं.

2025 साली 30 मार्चला पाडवा झाला आणि 31 ला ईद. गुढीची साखरेची माळ आणि शीरखुर्म्याची वाटी एकाच टेबलावर होती. रमजान आता थंडीकडे सरकतो आहे. 2030 साली तो दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. नव्या कमिटीनं सतरंज्या जपून ठेवाव्यात. त्या वर्षी दोनदा लागतील.