काचेंतला समुद्र

समुद्राचें पाणी घरांत आणून ठेवणें सोपें आहे. त्या पाण्यांतील जीव जगविणें मात्र फार कठीण आहे. किनाऱ्यावरून एक घागर पाणी भरून आणावें, त्यांत दोनचार शंख, एखादा खेकडा आणि थोडें शेवाळ सोडावें, आणि तें पात्र ओसरीवर ठेवून द्यावें. पहिले दोन दिवस मोठी मौज वाटते. तिसऱ्या दिवशीं पाणी गढूळ होतें, आणि चौथ्या दिवशीं घरांतील वडील मंडळी तें परसांत नेऊन ओतावयास सांगतात. समुद्रांतील प्राणी आपल्या नजरेसमोर ठेवावेत असें ज्यांना ज्यांना वाटलें, त्यांच्या पदरीं प्रथम हाच अनुभव आला. आणि त्या अपयशाचें कारण शोधतां शोधतां एक नवी विद्या उभी राहिली.

हौसेनें घरीं प्रवाळांची टाकी मांडणाऱ्या नवशिक्याला आज जाणते लोक चार गोष्टी सांगतात. टाकी भरल्यावर कित्येक आठवडे तींत मासा सोडूं नकोस. सोडशील तेव्हां एकदोनच सोड. पाणी सतत हलतें ठेव. आणि प्रवाळांवर भरपूर उजेड पडूं दे. नवशिक्याला हे नियम कोरडे वाटतात. वास्तविक यांतील प्रत्येक नियमामागें कोणाची तरी वर्षानुवर्षांची खटपट आहे. ती कोणीं व कशी केली, हें आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

या कथेचा आरंभ पॅरिसमध्यें कपडे शिवून व त्यांवर भरतकाम करून नांव मिळविलेल्या एका स्त्रीपासून करावा लागतो. झान व्हिलप्रो ही १७९४ सालीं फ्रान्समधील एका खेड्यांत जन्मली. जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशीं लग्न झाल्यावर ती सिसिली बेटावरील मेसिना शहरीं राहावयास गेली आणि तेथें तिला समुद्राचा नाद लागला. आर्गोनॉट नांवाचा एक अष्टपाद प्राणी कागदासारख्या पातळ शंखांत राहतो. हा शंख त्याचा स्वतःचा, कीं दुसऱ्या कोणाचा बळकावलेला, हा वाद विद्वानांत फार दिवस चालला होता. झान पॉवर हिनें १८३२ सालीं काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत समुद्राचें पाणी भरलें आणि तो प्राणी समोर ठेवून पाहिला. शंखाचा तुकडा मोडला तर तो प्राणी आपल्याच अंगांतील द्रव्यानें तो भाग भरून काढतो, असें तिला दिसून आलें. वाद मिटला. मेलेल्या प्राण्यांच्या सांगाड्यांवरून जें कळलें नव्हतें, तें जिवंत प्राण्याच्या सहवासानें कळलें. पण मेसिना हें बंदराचें गांव. ताजें पाणी हवें तेव्हां हाताशीं होतें. समुद्रापासून दूर राहणाऱ्यानें काय करावें, हा प्रश्न तिच्यापुढें आला नाहीं.

तो प्रश्न लंडनमध्यें ॲना थिन या बाईंपुढें आला. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबे या विख्यात मंदिराचे एक धर्माधिकारी होते. १८४६ सालीं टॉर्की येथील किनाऱ्यावर या बाईंनीं कांहीं जिवंत प्रवाळें पाहिलीं आणि तीं एका बरणींत घालून लंडनला आणलीं. शहरांत समुद्राचें पाणी मोजकेंच. तेव्हां त्यांनीं एक युक्ति केली. पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत, उघड्या खिडकीसमोर, पुनःपुन्हा ओतावयाचें, म्हणजे त्यांत हवा मिसळते. हें काम रोज अर्धा-पाऊण तास त्यांच्या घरची दासी करीत असे. आज टाकीच्या तळाशीं जो लहानसा पंप फिरतो, त्याच्या जागीं त्या काळीं त्या मोलकरणीचे हात होते. पुढील वर्षीं बाईंनीं पात्रांत समुद्रांतील वनस्पतीहि घातल्या. त्यांचीं प्रवाळें जवळजवळ तीन वर्षें जगलीं, इतकेंच नव्हे तर वाढलींहि.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेनें तेथेंच येऊन पोहोंचला. प्रकाशांत वनस्पति प्राणवायु सोडतात, हें इंगेनहौस यानें १७७९ सालींच दाखविलें होतें. मग प्राणी आणि वनस्पति एकाच पात्रांत योग्य प्रमाणांत ठेवल्या, तर एकाचा उच्छ्वास तो दुसऱ्याचा आहार होऊन दोघांचाहि निर्वाह कां होऊं नये? वॉरिंग्टननें दोन सोनेरी मासे आणि पाणवनस्पति एका पात्रांत ठेवल्या. कुजणाऱ्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें, तेव्हां तीं पानें खाणाऱ्या गोगलगाई त्यांत सोडल्या, आणि पाणी निवळलें. हा प्रयोग त्यानें १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला, आणि पुढें समुद्राच्या पाण्यांतहि करून पाहिला. जीवांचा हा तोल म्हणजेच सर्व रहस्य, असें सर्वांस वाटलें.

कोणतीहि कल्पना घरोघर जाण्यास नुसती तिची सत्यता पुरत नाहीं. काळहि अनुकूल असावा लागतो. इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालीं उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. आगगाडीमुळें समुद्रकिनारा जवळ आला होता. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचें 'दि ॲक्वेरियम' हें पुस्तक निघालें. ॲक्वेरियम हा शब्द त्याच पुस्तकानें लोकांच्या तोंडीं बसविला. समुद्र दूर असेल त्यानें क्षार मोजून घेऊन पाणी कसें तयार करावें, याचीहि कृति गॉसनें प्रसिद्ध केली. मग काय विचारतां! दिवाणखान्यांत काचपात्र नसणें हा कमीपणा ठरूं लागला. लोक टोपल्या, छिन्नी आणि हातोडे घेऊन किनाऱ्यावर लोटले.

या हौसेचा परिणाम गॉसच्या मुलानें, एडमंड गॉस यानें, १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनांत नोंदून ठेवला आहे. ज्या खडकांतील डोहांत युगानुयुगें रंगीबेरंगी जीव नांदत होते, ते डोह लोकांनीं ओरबाडून ओसाड केले. आणि आपल्याच पुस्तकांमुळें हें घडलें याचें त्याच्या पित्याला अतिशय दुःख झालें. गॉस हा सृष्टीकडे भक्तिभावानें पाहणारा पुरुष होता. निसर्गावर प्रेम करावयास त्यानें लोकांना शिकविलें, आणि त्या प्रेमानेंच निसर्गाची हानि केली. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. त्याकडे आपणांस शेवटीं पुन्हा वळावें लागेल.

घरोघरचीं काचपात्रें फार काळ टिकलीं नाहींत. तोल साधला असें वाटावें आणि एका रात्रींत सर्व प्राणी मरावेत, असेंच बहुतेकांच्या बाबतींत झालें. ही हौस ओसरल्यावर ज्याचें दुकान बुडालें, अशा एका गृहस्थानें मात्र हार मानली नाहीं. विल्यम ॲल्फर्ड लॉइड याचें लंडनमध्यें समुद्रप्राणी विकण्याचें दुकान होतें. पाणी बदलावयाचें नाहीं, तर फिरतें ठेवावयाचें, हें तत्त्व त्यानें धरलें. प्राण्यांच्या टाक्यांहून अनेक पट मोठा हौद जमिनीखालीं, थंड व अंधाऱ्या जागीं बांधावयाचा, आणि पंपानें तेंच पाणी अहोरात्र टाक्यांतून खेळवावयाचें. हँबर्ग येथें १८६४ सालीं आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं त्यानें या पद्धतीनें मत्स्यालयें उभारलीं. १८७४ सालीं लोकांस खुल्या झालेल्या नेपल्सच्या मत्स्यालयालाहि त्याचें साहाय्य झालें. तेंच पाणी वर्षानुवर्षें निर्मळ राहूं लागलें. तें कां राहतें, याचें पुरतें उत्तर मात्र लॉइडपाशीं नव्हतें.

तें उत्तर मत्स्यालयांत सांपडलें नाहीं, शेतांत सांपडलें. आणि तें शोधणाऱ्यांत वॉरिंग्टनचाच मुलगा होता, हा योगायोग मोठा रम्य आहे. मुलाचें नांवहि रॉबर्टच. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत तो मातीचा अभ्यास करीत असे. खतांतील अमोनियाचें नायट्रेट होतें तें मातींतील सूक्ष्म जंतूंमुळें, असें फ्रान्समध्यें श्लोसिंग व म्युंट्झ यांनीं १८७७ सालीं दाखविलें होतें. हें कार्य दोन टप्प्यांत होतें आणि प्रत्येक टप्प्याचे जंतु निराळे असतात, हें धाकट्या वॉरिंग्टननें दाखविलें. हे जंतु वेगळे काढण्याचें यश पुढें १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याला मिळालें. मत्स्यालयांतहि हाच प्रकार चालतो. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो; तो जहाल विष आहे. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात; तेंहि विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात. तें त्या मानानें निरुपद्रवी. बापानें पात्रांत वनस्पति आणि गोगलगाई सोडल्या. त्या पात्राच्या वाळूंत नकळत वस्तीला आलेले खरे सेवक कोण, हें मुलाच्या शास्त्रानें सांगितलें. नव्या टाकींत हे सेवक नसतात. ते वाढण्यास चार-सहा आठवडे लागतात, म्हणून नवशिक्याला तितके दिवस थांबावयास सांगतात.

एवढें झाल्यावर मासे जगले, पण उष्ण समुद्रांतील प्रवाळें जगेनात. ॲना थिनबाईंचीं प्रवाळें थंड समुद्रांतलीं होतीं. तीं हातीं लागेल तें टिपून खातात, त्यांना उन्हाची गरज नसते. उष्ण समुद्रांतील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या मांसांत सूक्ष्म शेवाळ राहतें. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं अशा शेवाळाला झूझँथेला हें नांव दिलें. हें शेवाळ प्रकाशांत अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वांटा आपल्या यजमानाला देतें. वॉरिंग्टननें काचपात्रांत प्राणी व वनस्पति यांची जी जोडी जमविली, ती निसर्गानें प्रवाळाच्या देहांत फार पूर्वींच जमविली होती. तेव्हां प्रवाळाला नुसतें शुद्ध पाणी पुरत नाहीं. त्याच्या पोटांतील त्या बागेला ऊनहि लागतें.

ही गांठ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुटली. न्यू कॅलिडोनिया बेटांवरील नूमेआ येथें रने काताला यांनीं १९५६ सालीं मत्स्यालय काढलें आणि समुद्राच्या वाहत्या पाण्यावर जिवंत प्रवाळें ठेवून दाखविलीं. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं आपली साधी रीत प्रसिद्ध केली: समुद्राचें पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे बुडबुडे, आणि समुद्रांतून उचललेले खडक. त्या सच्छिद्र खडकांत जंतु, शेवाळ आणि लहान जीव आयतेच नांदत असतात. यालाच आज जिवंत खडक म्हणतात. यानंतरच्या दोन दशकांत जर्मन हौशी मंडळींनीं त्याला प्रखर दिवे, पाण्यांतील मळ फेंसाबरोबर बाहेर काढणारें यंत्र, आणि प्रवाळाच्या हाडासाठीं चुन्याची निवळी यांची जोड दिली. समुद्रापासून शेंकडों कोस दूर प्रवाळ वाढूं लागलें.

नवशिक्याची पहिली टाकी म्हणजे हा सर्व इतिहास पुन्हा एकदां थोडक्यांत घडविणें होय. शुद्ध केलेल्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार, उष्णता २५-२६ अंश सेंटिग्रेड, थोडे खडक, थोडी वाळू. मग वाट पाहणें. अमोनिया चढतो व उतरतो, मागोमाग नायट्राइट चढतें व उतरतें. दोन्ही शून्यावर आलीं म्हणजे पहिला मासा सोडावा. पाण्याची वाफ होते, क्षार मागें राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेंच भरावी. टाकी फार लहान घेऊं नये, कारण थोडें पाणी लवकर बिघडतें. प्रवाळ घ्यावयाचें तें प्रथम मऊ जातीचें, सोसणारें घ्यावें. यांत पैशाहून धीर अधिक लागतो.

आतां तो राहिलेला प्रश्न. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं समुद्रांतील मासा प्रथम जिवंत पाहिला तो तेथें. पण आपल्या कोंकणांत, मालवणजवळ, खुद्द समुद्रांत प्रवाळें आहेत, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. भित्ती बांधणारीं सर्व प्रवाळें भारतांत २००१ सालापासून वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहेत. आपल्या समुद्रांतून तीं तोडणें हा गुन्हा आहे. गॉसच्या काळीं असा कायदा नव्हता, आणि त्याचें फळ त्याला पाहावें लागलें. शिवाय आज हातोड्याहून मोठें संकट उभें आहे. समुद्र तापला कीं प्रवाळ आपल्या देहांतील शेवाळ बाहेर टाकतें, पांढरें पडतें, आणि ताप फार दिवस टिकला तर मरतें. १९९८ पासून हें संकट जगभर पुनःपुन्हा आलें आहे.

अशा वेळीं काचपात्राची विद्या उपयोगीं पडूं लागली आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांत शास्त्रज्ञांनीं टाकींतच समुद्राचे ऋतु आणि चंद्राच्या कला यांची नक्कल करून प्रवाळांची वीण घडवून आणली. अमेरिकेंत फ्लॉरिडा ॲक्वेरियमनें २०१९ सालीं तेथील दुर्मिळ स्तंभप्रवाळाच्या बाबतींत तेंच साधलें. एका टाकींत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा दुसऱ्या टाकींत रुजतो. त्यासाठीं समुद्राला हात लावावा लागत नाहीं. म्हणून जो कोणी हा छंद धरील, त्यानें विकत घेण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: हा जीव कोठून आला? आणि त्याचें समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत आपली टाकी रिकामी राहिली, तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. तेवढ्या वेळांत तिच्यांतील जंतु वाढतच असतात.