५३ सेकंदांचा विमानप्रवास

विमानाने जायचं म्हटलं की आपण आधी विचारतो, किती तास? स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर हा प्रश्नच चुकतो. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अंतर जेमतेम २.७ किलोमीटर! १९६७ साली लोगनएअरने ही सेवा सुरू केली. वेळापत्रकात दोनेक मिनिटं; पायलट स्टुअर्ट लिंकलेटर यांनी तर ते ५३ सेकंदांत कापलं. गंमत वाटते ना? मलाही वाटली. पण मधे समुद्र आहे, आणि पापा वेस्ट्रेवर माणसं शंभरच्या आसपास. तिथल्या शिक्षकांना, पेशंटना हे छोटं विमान म्हणजे आपली एसटीच. म्हणूनच तिला स्थानिक कौन्सिलचं अनुदान मिळतं. गाव लहान आहे म्हणून एसटी बंद करा, असं आपण तरी कुठे म्हणतो?