खोलीची मर्यादा

तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा क्षेत्रास लोक दक्षिणकाशी म्हणतात. १९५४-५५ सालीं येथील पांढरीच्या टेकाडाचें उत्खनन झालें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकाखालीं एक उघडे पडले. जमिनींत घाईनें खोल जाणाऱ्याच्या हातीं खापरें तेवढीं येतात, इतिहास येत नाहीं. पाण्यांत उतरणाऱ्यासहि असाच क्रम पाळावा लागतो. मात्र तेथें घाईचा दंड देहास भोगावा लागतो.

आजच्या हौशी पाणबुड्यांस शिक्षणाच्या पायरीप्रमाणें खोली नेमून दिलेली असते : पहिलें शिक्षण पुरें केलेल्यास १८ मीटर, पुढील पायरीस ३० मीटर, आणि खोल पाण्याचें विशेष शिक्षण घेतलेल्यास ४० मीटर. मालवणजवळ तारकर्ली येथें ही विद्या आपल्याच किनाऱ्यावर शिकवितात. हे आंकडे कोणाच्या लहरींतून निघाले असावेत, असें प्रथम वाटतें. परंतु त्यांच्यामागें दीडशें वर्षांचा इतिहास असून त्याचा एक मोठा भाग नद्यांच्या कांठीं घडला आहे.

१८७० च्या सुमारास अमेरिकेंत मिसिसिपी नदीवर सेंट लुई येथें पूल बांधतांना मजूर दाबलेल्या हवेनें भरलेल्या पेट्यांत, नदीच्या तळाशीं काम करीत. वर आल्यावर कोणाचे सांधे धरत, कोणाचे पाय लुळे पडत, कित्येक दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्यें याच व्याधीनें जायबंदी झाले, आणि त्यांच्या पत्नी एमिली यांनीं १८८३ पर्यंत त्यांच्या सूचना पोंचवून काम तडीस नेलें. १८७८ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनीं कारण दाखविलें : दाबामुळें हवेंतील नत्रवायु रक्तांत विरघळतो, आणि दाब एकाएकीं उतरला कीं त्याचे बुडबुडे होतात. १९०८ मध्यें हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनीं शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. पुढें १९४३ त कूस्तो व गान्यां यांनीं पाठीवरचें श्वासयंत्र सिद्ध केलें, आणि मजुरांचें संकट हौशी लोकांच्याहि वाट्यास आलें.

समुद्रांत दर १० मीटरला सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. ४० मीटरवर तो पृष्ठभागाच्या पांचपट होतो. बरोबरची हवा पांचपट वेगानें संपते, नत्रवायूची गुंगी विचारशक्तीस ग्रासते, आणि तळाशीं थांबण्याची मुदत थोड्या मिनिटांवर येते.

म्हणून या मर्यादेस भित्रेपणा म्हणणें हें अज्ञान होय. त्याहून मोठा धोका ती मर्यादा म्हणजे मानाची पायरी समजण्यांत आहे. आम्ही शिक्षक पदवीचा हा मोह रोज पाहतों. वर्गांत त्यानें फार तर एखादें वर्ष वायां जातें, पाण्याखालीं जीव जातो. नदीकांठच्या मुलांस पोहणें लहानपणींच येतें. त्यांस पाण्याची ओढ लागावी हें उत्तमच. पण त्या ओढीबरोबर हा इतिहासहि त्यांच्या कानीं पडला पाहिजे, कारण यांतील प्रत्येक धडा शिकतांना कोणीतरी लुळें पडलें आहे, कोणीतरी मेलें आहे. तो धडा आपल्या मुलांनीं पुन्हा त्याच किंमतीस विकत घेण्याचें कांहीं कारण नाहीं.