ताण व त्याचा सामना (खानदेश)

ताण : अंगावर आलेले ओझे आणि ते पेलण्याची ताकद यांचा मेळ बसेनासा झाला, म्हणजे शरीरात व मनात उमटणारी प्रतिक्रिया. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे तिच्या तीन अवस्था रूढ झाल्या : सावध होणे, तग धरणे आणि थकून जाणे.

शरीरातील बदल : धोका जाणवताच अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते, पचन मंदावते. तेवढ्यापुरते हे उपयोगीच असते. मात्र हीच स्थिती महिनोन्‌महिने टिकली, तर झोप उडते, रक्तदाब वाढतो, चिडचिड होते. अनेक जण डॉक्टरकडे जातात ते डोकेदुखी, पित्त किंवा छातीतील धडधडीची तक्रार घेऊन. मनावरचे ओझे सांगणे मागे राहते.

स्थानिक कारणे : जळगाव व धुळे जिल्ह्यांत ताणाचे वेळापत्रक बरेचसे पिकांवर ठरते. रावेर-यावल पट्ट्यात केळीला जवळपास वर्षभर पैसा लावावा लागतो. बाग निसवते, घड भरतात आणि मे-जूनमधील एखादे वादळ घडांसकट झाडे आडवी करते. थंडीत वाढ खुंटते ते वेगळेच. कोरडवाहू कपाशीला पावसाचा खंड सोसावा लागतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनेही तिला ग्रासले. वेचलेला कापूस भाव वाढेल या आशेने घरातच साठवला जातो. घरात माल आणि हातात पैसा नाही, अशा अवस्थेत सावकाराचा किंवा बँकेचा तगादा सुरू असतो.

सामना करण्याच्या रीती : रिचर्ड लझारस व सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये दोन मुख्य रीती मांडल्या. पहिली, अडचणीलाच हात घालण्याची. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावून वारा अडवणे, हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवणे ही तिची उदाहरणे. दुसरी, जे बदलता येत नाही त्याने उठणारी भावना हाताळण्याची. वाऱ्यापुढे गवताची भिंत कामी येते. माणूस गेल्याच्या दुःखापुढे ती कामाची नाही. म्हणून दोन्ही रीती लागतात.

दुसऱ्या रीतीची साधने खानदेशात बहुधा सामूहिक आहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीया) सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई मांडतात, झोके बांधतात. अहिराणी गाण्यांतून सासरचा जाच उघड बोलता येतो. एरवी घरात तो उच्चारणे अवघड असते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी तरुणपणी आलेले वैधव्य व संसाराचे कष्ट शेतात राबताना, जात्यावर बसताना रचलेल्या ओव्यांतून पेलले. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांचा संग्रह १९५२ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बंदिवासातील दिवसांना नेम व अर्थ देण्याचे हे ठळक उदाहरण होय.

अपायकारक रीती : दारू, सट्टा, नवे कर्ज काढून जुने फेडणे आणि घरच्यांपासून आकडा लपवणे. यांनी घटकाभर हायसे वाटते, पण मूळ अडचण वाढते. विशेषतः लपवलेल्या कर्जामुळे घरच्यांची मदत नेमकी गरजेच्या वेळी मिळत नाही.

मदत केव्हा घ्यावी : झोप, भूक किंवा कामातील लक्ष दोन आठवडे बिघडलेले राहिले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असल्यास क्षणभरही थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये आणि शेतातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत.