गृहीत मताचें मोल
अमेरिकेंतील १९४८ ची निवडणूक आणि कृष्णवर्णीय मतदार

निवडणूक जवळ आली कीं उमेदवारांच्या तोंडून सर्वांच्या कल्याणाची भाषा सहज बाहेर पडूं लागते. त्या भाषेंत वावगें असें कांहींच नाहीं. अडचण एवढीच कीं, 'सर्व' या शब्दाच्या पोटांत कोण कोण येतो, हें बोलणारा क्वचितच सांगतो. ज्याचें घर गळत नाहीं त्याला छपरांविषयींचें सर्वसाधारण व्याख्यान पुरतें. ज्याचें गळतें त्याला कोणतें कौल केव्हां बदलणार, हें ऐकावयाचें असतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय नागरिक मताचा हक्क मिळाल्यापासून प्रत्येक निवडणुकींत हाच प्रश्न विचारीत आले आहेत. आपल्यावर होणाऱ्या विशिष्ट अन्यायाला या उमेदवाराच्या धोरणांत विशिष्ट असें उत्तर आहे, कीं सारें ताकापुरतें रामायण आहे? या प्रश्नाची सर्वांत कडक कसोटी १९४८ सालीं लागली. परंतु ती समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

गुलामगिरी नष्ट झाल्यावर १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनें वर्णाच्या कारणावरून मताचा हक्क नाकारण्यास बंदी केली. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षानें ही दुरुस्ती घडवून आणली. म्हणून कृष्णवर्णीयांचें मत त्या पक्षाच्या पदरांत एकगठ्ठा पडूं लागलें. पण १८७७ मध्यें त्याच पक्षानें अध्यक्षपदाच्या वादाचा निकाल लावतांना दक्षिणेंतील उरलेल्या फौजेचें पाठबळ काढून घेतलें आणि तेथील कृष्णवर्णीयांना त्यांच्या नशिबावर सोडून दिलें. पुढें डोईपट्टी, वाचनाच्या परीक्षा, केवळ गोऱ्यांसाठीं राखलेल्या प्राथमिक निवडणुका आणि उघड दहशत या साधनांनीं दक्षिणेंतील मत जवळजवळ पुसून टाकण्यांत आलें. १९४० मध्यें तेथील शंभर प्रौढ कृष्णवर्णीयांपैकीं सुमारें तिघांचींच नांवें मतदारयादींत होतीं. ज्यांना मत होतें ते उत्तरेंतील लोक लिंकनच्या पुण्याईला चिकटून राहिले, आणि ज्याचें मत कोठेंच जाणार नाहीं त्याला कोणी कांहीं देत नाहीं, हा व्यवहाराचा नियम त्यांच्या वांट्याला आला.

१९३२ मध्यें पिट्सबर्ग येथील एका प्रमुख कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनीं लोकांना सांगितलें कीं, घरांतील लिंकनची तसबीर आतां भिंतीकडे तोंड करून ठेवा; तें ऋण फिटलें. त्या वर्षीं फारसें कोणी ऐकलें नाहीं. परंतु १९३६ मध्यें कृष्णवर्णीयांची बहुतेक मतें डेमॉक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्ट यांच्याकडे वळलीं. मंदीच्या काळांत सरकारी कामांवर मजुरी मिळाली, मदतीचें धान्य मिळालें, आणि भुकेल्या माणसाला तें विसरणें शक्य नव्हतें.

तरीपण सर्वसाधारण धोरण आणि विशिष्ट धोरण यांतील अंतर याच काळांत स्पष्ट झालें. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यांत वर्णाचा एकही शब्द नाहीं. मात्र शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना वृद्धापकाळच्या वेतनांतून वगळण्यांत आलें, आणि कृष्णवर्णीय कामकऱ्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोक याच दोन धंद्यांत होते. कापसाची लागवड कमी करण्यासाठीं दिलेली भरपाई जमीनमालकाच्या हातीं पडली आणि वांट्यानें जमीन कसणारीं अनेक कुळें रस्त्यावर आलीं. झुंडीनें माणसाला ठार मारण्याचा जो प्रकार तिकडे 'लिंचिंग' म्हणून ओळखला जातो, त्याच्या विरुद्धच्या विधेयकाला रूझवेल्ट यांनीं आपलें वजन दिलें नाहीं; कारण त्यांच्या इतर सर्व कायद्यांची किल्ली सेनेटमधील दक्षिणी सभासदांच्या हातीं होती. दुरून सर्वांसाठीं दिसणारा कायदा जवळ गेल्यावर कोणाला दाराबाहेर ठेवतो, हें पाहावें लागतें तें असें.

मताला पुन्हां मोल आलें तें लोकांच्या पायांनीं. १९१० मध्यें दर दहा कृष्णवर्णीयांपैकीं जवळजवळ नऊ दक्षिणेंत राहत होते. दोन महायुद्धांच्या काळांत कारखान्यांच्या ओढीनें आणि दहशतीच्या भीतीनें लाखों कुटुंबें शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क या शहरांत आलीं. अमेरिकन अध्यक्ष देशांतील एकूण मतांच्या बेरजेवर निवडला जात नाहीं. बहुतेक प्रत्येक राज्यांत एका मतानें जरी आघाडी मिळाली, तरी त्या राज्याचे सर्व निर्वाचक त्या उमेदवाराच्या पदरांत पडतात. त्यामुळें मिसिसिपीच्या शेतांत ज्याला मतच नव्हतें, तोच माणूस इलिनॉय किंवा ओहायो राज्यांत आला कीं त्याचें मत तराजूचा कांटा हलवूं शकत होतें.

भारतीय श्रोत्यांना हा प्रश्न परका नाहीं. अल्पसंख्य समाजाचा प्रतिनिधि कोणाच्या मतांवर निवडून येतो आणि म्हणून कोणाला जबाबदार राहतो, हाच १९३२ च्या पुणें कराराच्या वादाचा गाभा होता. डॉ. आंबेडकर यांनीं १९४६ मध्यें अमेरिकेंतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. दोन्ही समाजांना एकच गोष्ट कळून चुकली होती: हक्क घटनेंत लिहिला जाणें ही अर्धी वाट, आणि तो राबविण्याची गरज सत्ताधाऱ्याला वाटणें ही उरलेली अर्धी.

ती गरज अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना दोन वाटांनीं वाटूं लागली. पहिली वाट मनाची. १९४६ च्या फेब्रुवारींत, लष्करांतून मुक्त होऊन घरीं निघालेल्या आयझॅक वुडर्ड या कृष्णवर्णीय शिपायाला साऊथ कॅरोलायना राज्यांत पोलिस अधिकाऱ्यानें मारहाण करून कायमचें आंधळें केलें. त्याच वर्षीं जुलैंत जॉर्जियामध्यें झुंडीनें दोन जोडप्यांना गोळ्या घालून मारलें. ट्रूमन हे मिसूरीचे. त्यांच्या आजोबांच्या घरीं गुलाम होते. पण या हकीकती ऐकून ते हादरले, आणि डिसेंबरांत त्यांनीं नागरी हक्कांची समिती नेमली. ऑक्टोबर १९४७ मध्यें समितीनें अहवाल दिला. त्यांत गोड शब्दांऐवजीं कामांची यादी होती.

दुसरी वाट हिशेबाची. नोव्हेंबर १९४७ मध्यें अध्यक्षांचे सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांनीं निवडणुकीसंबंधीं एक लांबलचक टिपण सादर केलें. उत्तरेंतील मोठ्या राज्यांत कृष्णवर्णीयांचें मत निर्णायक ठरूं शकतें आणि रिपब्लिकन पक्ष तें परत मिळविण्याच्या खटपटींत आहे, असा त्यांत इशारा होता. तो खोटा नव्हता. रिपब्लिकन उमेदवार टॉमस ड्यूई यांच्याच कारकीर्दींत न्यूयॉर्क राज्यानें १९४५ मध्यें नोकरींतील वर्णभेदाविरुद्ध कायदा केला होता. दुसऱ्या बाजूनें हेन्री वॉलेस हे नवा पक्ष काढून उभे राहिले, आणि दक्षिणेंतसुद्धां गोऱ्यांना व कृष्णवर्णीयांना वेगळें बसविणाऱ्या सभेंत बोलावयाचें नाहीं, असा त्यांनीं निर्धार केला. एका मताला तीन गिऱ्हाइकें आलीं. दक्षिणेविषयीं मात्र टिपणांत असें गृहीत धरलें होतें कीं, ती डेमॉक्रॅटिक पक्षाला सोडून जाणें शक्य नाहीं.

२ फेब्रुवारी १९४८ रोजीं ट्रूमन यांनीं काँग्रेसला, म्हणजे तेथील विधिमंडळाला, दहा कलमांचा संदेश पाठविला. लिंचिंगविरुद्ध केंद्रीय कायदा, डोईपट्टीची बंदी, नोकरींतील भेदभावावर कायमचें मंडळ, आंतरराज्य प्रवासांतील विभक्त बसण्याची समाप्ति, हीं त्यांतील मुख्य कलमें. दक्षिणेंत वणवा पेटला. तेव्हां अध्यक्षांच्या मंडळींचें पाऊल अडखळलें, आणि जुलैंत फिलाडेल्फिया येथें पक्षाचें अधिवेशन भरलें त्या वेळीं ते जुनें, मोघम कलमच पुढें करूं पाहत होते. १४ जुलै रोजीं मिनिआपोलिसचे सदतीस वर्षांचे महापौर ह्यूबर्ट हम्फ्री व्यासपीठावर आले आणि राज्यांच्या हक्कांच्या आडोशांतून बाहेर येऊन मानवी हक्कांच्या उजेडांत चला, असें त्यांनीं आवाहन केलें. मतें मोजलीं. कांहीं प्रतिनिधींना अर्धेंच मत होतें, म्हणून आंकडे असे पडले: स्पष्ट कलमाच्या बाजूनें ६५१½ आणि विरुद्ध ५८२½. मिसिसिपीचे सर्व आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधि सभागृह सोडून गेले. तीन दिवसांनीं दक्षिणेंतील बंडखोरांनीं आपला निराळा उमेदवार, स्ट्रॉम थर्मंड, उभा केला.

परंतु पक्षाचें कलम म्हणजे कायदा नव्हे. तें कागदावरून खालीं उतरविण्याचें श्रेय मोठ्या प्रमाणांत एका कामगार पुढाऱ्याला जातें. रेल्वेच्या शयनगाड्यांतील कृष्णवर्णीय सेवकांची संघटना बांधणारे ए. फिलिप रँडॉल्फ यांनीं ३१ मार्च रोजीं, महात्माजींच्या निधनाला दोन महिने होत असतां, सेनेटच्या समितीपुढें साक्ष दिली. वर्णभेद पाळणाऱ्या सैन्यांत भरती होऊं नका, असें आपण तरुणांना उघडपणें सांगूं, आणि भारतीय जनतेच्या लढ्याच्या धर्तीवर सविनय कायदेभंग उभा राहील, असें त्यांनीं बजावलें. २६ जुलै रोजीं ट्रूमन यांनीं दोन हुकूम काढले. एकानें केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत समान वागणूक, तर दुसऱ्यानें लष्करांत समान वागणूक व समान संधि यांची घोषणा झाली. यांना काँग्रेसच्या संमतीची आवश्यकता नव्हती. अध्यक्षांच्या सहीनें तें होण्यासारखें होतें, आणि झालें. त्याच सुमारास डोईपट्टीविरुद्धचें विधेयक सेनेटमध्यें आलें, तेव्हां दक्षिणी सभासदांनीं लांबण लावून, भाषणावर भाषण करून त्याचा निकाल लावला.

२९ ऑक्टोबर रोजीं ट्रूमन यांनीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत सभा घेतली. समितीच्या अहवालास त्या दिवशीं एक वर्ष पूर्ण झालें होतें. ड्यूई यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यांतही लिंचिंग, डोईपट्टी आणि लष्करांतील विभक्तता यांविरुद्ध कलमें होतीं. परंतु स्वतः उमेदवारानें विजय हातांत आहे असें समजून प्रचार मोघम ठेवला. २ नोव्हेंबरला मतदान झालें आणि निकाल असा लागला: ट्रूमन ३०३, ड्यूई १८९, थर्मंड ३९. कॅलिफोर्नियांत ट्रूमन यांची आघाडी १७,८६५ मतांची, इलिनॉयमध्यें ३३,६१२ मतांची आणि ओहायोंत केवळ ७,१०७ मतांची होती. या तीन राज्यांचे ७८ निर्वाचक दुसऱ्या पारड्यांत पडले असते, तर ड्यूई अध्यक्ष झाले असते. शेतकरी आणि संघटित कामगार यांचाही या विजयांत मोठा वांटा होता. तरी या राज्यांतील मोठ्या शहरांचे कृष्णवर्णीय मतदार घरीं बसते, तर हा निकाल लागणें कठीण होतें. उलट ज्या दक्षिणेला क्लिफर्ड यांनीं गृहीत धरलें होतें, तिच्यांतील चार राज्यें पक्षाला सोडून गेलीं, आणि तरीही पक्ष जिंकला.

ट्रूमन यांनीं हें न्यायबुद्धीनें केलें कीं मतांसाठीं, असा वाद इतिहासकार अद्याप घालतात. समिती नेमली गेली ती टिपणाच्या वर्षभर आधीं, ही गोष्ट एका बाजूस. अधिवेशनांतील माघार दुसऱ्या बाजूस. अन्याय सोसणाऱ्याला या वादाचें फारसें कारण नाहीं. उमेदवाराचें अंतःकरण तपासण्याचें साधन मतदाराजवळ नसतें. त्याच्यापाशीं तीन साधे प्रश्न असतात. दुःखाचें नांव घेतलें आहे काय? तें दूर करण्याचा अधिकार कोणाचा, हें सांगितलें आहे काय? आणि त्यासाठीं उमेदवार कांहीं गमावण्यास तयार आहे काय? १९३६ च्या धोरणांना तिन्ही प्रश्नांवर उत्तर नव्हतें. १९४८ मध्यें तिन्हींवर होतें, आणि गमावलेल्या वस्तूची किंमत थर्मंड यांच्या ३९ निर्वाचकांत मोजतां येते.

फळ मात्र उशिरा आलें. लष्करांतील वेगळ्या पलटणी संपावयास १९५४ साल उजाडलें. केंद्रीय निवडणुकींतील डोईपट्टी १९६४ मध्यें गेली. त्याच वर्षींच्या नागरी हक्क कायद्यानें नोकरींतील भेदभावास बंदी केली, आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानें दक्षिणेंतील यादीचीं दारें उघडलीं. पण १९६४ मध्यें रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनीं नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलें, आणि तेव्हांपासून कृष्णवर्णीयांचीं मतें फार मोठ्या प्रमाणांत एकाच पक्षाकडे राहिलीं. लिंकनच्या तसबिरीची जागा दुसऱ्या तसबिरीनें घेतली. एका पक्षाला तीं मतें हातचीं वाटूं लागलीं, दुसऱ्याला तीं अप्राप्य वाटूं लागलीं. आणि या दोन समजुतींच्या मध्यें विशिष्ट प्रश्न पुन्हां पुन्हां दबून राहिले. १९७२ मध्यें इंडियाना राज्यांतील गॅरी या गांवीं हजारों कृष्णवर्णीय प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं आपली मागण्यांची यादी आपणच तयार केली, ती याच अनुभवानें.

ट्रूमन यांच्या दहा कलमांपैकीं लिंचिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा सर्वांत साधा वाटावा असा होता. कोणताही सुसंस्कृत समाज झुंडीच्या खुनाला पाठीशीं घालीत नाहीं. तो कायदा झाला १९५५ मध्यें मिसिसिपींत मारल्या गेलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या नांवानें, २०२२ च्या मार्चांत. संदेशापासून कायद्यापर्यंत ७४ वर्षें गेलीं. ज्या वर्षीं मत कोणाकडे जाईल याची कोणालाच खात्री नव्हती, त्या वर्षीं कलम लिहिलें गेलें. खात्री झाल्यावर त्याला वाट पाहावी लागली.